चंद्रीने पसंत केलेली चप्पल

माझं वय मी कोणालाही सांगते. पायाचं माप मात्र पन्नाशी उलटेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. नऊ नंबर. नागपुरात सीताबर्डीवर चपला घ्यायला गेले की दुकानदार आधी पायाकडे बघतो, मग छताकडे बघतो आणि मग फार हळू आवाजात म्हणतो, "ताई, जेन्ट्समध्ये दाखवू का?" आमच्या लग्नात माझ्या बहिणींनी नवरदेवाचे म्हणून जे जोडे लपवले, ते माझे निघाले. श्रीधर बिचारे स्वतःच्याच जोड्यांत आरामात बसले होते आणि नवरी अनवाणी फिरत होती.

प्रवासाचं वर्णन पायापासून सुरू करायचं कारण एवढंच, की २००४ सालच्या दिवाळीत कोल्हापुरात जे काही घडलं ते याच पायांमुळे घडलं.

धनत्रयोदशी

त्या वर्षी दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. फराळ कोणासाठी करायचा? मी श्रीधरना म्हटलं, या वेळी दिवाळी बाहेर. नणंदेचा फोन आला, "अगं, दिवाळीत घराला कुलूप?" मी म्हटलं, कुलूपसुद्धा पितळेचं लावते, लक्ष्मीला आवडेल. मनाच्या शांतीसाठी चकल्यांचा एक डबा सोबत घेतला होता. कोल्हापूर येईपर्यंत त्याचं भाजणीचं पीठ झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लॉजच्या काउंटरवर एक कागद पडला होता. छापलेला नव्हता. ब्रशने रंगवलेला होता, प्रत्येक अक्षराला मागून सावली दिलेली: 'कोल्हापूर दर्शन, पायी. खरेदी, रस्त्यावरची कला, पेय. सोबत जाणकार माणूस.' श्रीधरनी तो कागद एकदा वाचला, त्यातला 'पेय' हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि वर जाऊन दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून आले.

जाणकार माणूस नऊच्या ठोक्याला हजर. पंचावन्नच्या आसपासचा, काटक, पांढऱ्या पँटवर सगळ्या रंगांचे ठिपके. "मी निवास पेंटर," तो म्हणाला. "तुमी पयलं गिऱ्हाईक." मग त्याला ते बरोबर वाटलं नाही. "म्हंजे पावणं. पयलं पावणं."

तीस वर्षं त्याने कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवले होते. आता दोनेक वर्षांपासून डिजिटल बोर्ड आले होते. तासाभरात मशीनमधून हिरो गुंडाळून बाहेर येतो. "हिरोचं नाक मशीनमध्ये बरुबर येतंय, न्हाय म्हणत न्हाय," निवास म्हणाला. "पर माझ्या हिरोचं नाक बघून लोक थांबायचं की. हे कुठलं नाक म्हणून." काम कमी झालं तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की रंगवायला भिंती मिळत नाहीत तर निदान रंगवलेल्या दाखवाव्यात. ते कागद त्याने एकेक करून हाताने रंगवले होते. एकूण नऊ. आमच्या हातात होता तो सातवा.

आधी पोटाची सोय. मिसळीच्या ताटलीबरोबर पाव येईल म्हणून मी वाट बघत होते, तर ब्रेडचे दोन स्लाइस आले. आम्ही तर्री-पोह्यांच्या गावची माणसं, तिखटाला भीत नाही, पण ही मिसळ वेगळ्या वाटेने जाते. आमची तर्री घशाशी भांडते, ही आधी गप्पा मारते आणि हात धुवायला उठलात की मग मागून येते. श्रीधरांच्या टकलावर घाम आला. मालक लांबून म्हणाला, "पावणं, कट आणू की अजून?" कट म्हणजे तो लाल रस्सा. श्रीधर नाही म्हणायच्या आत त्याने ओतला होता. कोल्हापुरात 'नको' हा शब्द लोकांना ऐकू जातो, पण त्याचा ते काही उपयोग करत नाहीत.

मग भिंती. आपण रोज हजार भिंतींवरून जातो, पण निवासबरोबर चालताना कळलं की भिंतीसमोर थांबायचं असतं. गंगावेशीकडच्या एका गल्लीत औषधी मलमाची जुनी जाहिरात होती. तिच्या मधोमध रंगाचा पोपडा निघालेला आणि त्या भोकातून कोणा नटीचा एक डोळा बघत होता. "ह्याच्या खाली सात पिक्चर हाईत," निवास म्हणाला. "सगळी माझी. एकावर एक झोपल्यात." तालमीच्या भिंतीवर एक पैलवान रंगवला होता, शड्डू ठोकून उभा. निवासने मला पायाची बोटं मोजायला सांगितली. उजव्या पायाला सहा.

"उद्घाटनाची घाई हुती," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पुसायला गेलतो. वस्ताद काठी घिऊन आडवा आला. त्या दिवशी तालमीनं कुस्ती मारलेली. म्हनला, बोटाला हात लावलास तर तुझं एक कमी करीन."

मधेमधे पेयं होती. अकरा वाजता गोटी सोडा, साडेबाराला उसाचा रस. प्रत्येक वेळी श्रीधर ग्लासात आशेने बघत आणि मला हळूच म्हणत, "संध्याकाळी असेल."

चपलांची गल्ली

जेवणानंतर खरेदी. महाद्वाराजवळच्या चपलांच्या गल्लीत चामड्याचा आणि तेलाचा वास इतका दाट असतो, की तो चावता येईल. निवासने आम्हाला शंकरमामांकडे नेलं. ते जमिनीवर बसून रापीने चामडं कापत होते. रापी म्हणजे त्यांचं ते अर्धगोल पात्याचं हत्यार. त्यांनी तोंडाकडे बघितलंच नाही. पायाकडे बघितलं.

"बसा. पाय द्या."

मी श्वास रोखून पाय दिला. त्यांनी तो कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, कागद उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "चांगला पाय हाय. जमिनीवर हुभा ऱ्हातोय."

बावन्न वर्षांत माझ्या पायाबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीधर म्हणाले तो मिसळीचा परिणाम. असेल.

बायकांच्या एकवीस जोड्या घालून झाल्या. एकही टाचेपर्यंत पोचेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खिळ्यावर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला एक जोड दिसला. मी विचारण्याआधीच तो काढला आणि पायात घातला. लोण्यात सुरी जावी तसा पाय आत गेला. दोन पावलं टाकली. उजवी म्हणाली 'कर्र', डावी म्हणाली 'किर्र'.

कोल्हापुरी चप्पल वाजते ती काही जुनी झाली म्हणून नाही, मुद्दाम वाजवतात. तळाच्या दोन थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाची वाळकी बी बसवतात. बी कुठे बसवायची, चामडं किती तेल प्यालं की तिचा आवाज कसा उघडेल, हे सगळं कारागिराच्या कानात असतं. शंकरमामा हे सांगत होते खरं, पण त्यांचं लक्ष माझ्या पायांवर होतं आणि चेहरा उतरला होता.

"ताई, ती ऑर्डरची हाय," ते म्हणाले.

इथे मी जे केलं ते लपवत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी सलग चार वर्षं राणी झालेले आहे. मी स्टुलावर बसले. सुस्कारा टाकला. लग्नातली जोड्यांची गोष्ट सांगितली. 'अनवाणी नवरी' या शब्दांवर आवाज जरा कापू दिला. निवासने मामांना कोपऱ्यात नेलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, पयलं पावणं हाईत माझं. न्हाय म्हणायचं व्हय?"

"पावण्यास्नी न्हाय कसं म्हणायचं? पर पाडव्याला ज्याची त्याला—"

"तीन दिवस हाईत की. दुसरी कर."

"दुसरी करायला मी काय भाकरी थापतोय?"

मग मामा वळले आणि म्हणाले, "घालूनच जावा. पिशवीत नगं. पिशवीत तिचा आवाज दबतोय." ही चूक कोल्हापुरातच होऊ शकते. आमच्याकडे दुकानदाराने सरळ सांगितलं असतं, दुसऱ्याची वस्तू आहे बाई, उठा. इथे दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणण्यापेक्षा तीन दिवसांनी काय होईल ते होवो, असं ठरलं.

संध्याकाळचं पेय

दिवस मावळायला आला तेव्हा निवास आम्हाला गंगावेशीतल्या एका कट्ट्यावर घेऊन गेला. लोक कट्ट्यावर रांगेने बसले होते, जसे आमच्याकडे पानठेल्यावर बसतात. समोर सहा म्हशी.

"पेय कुठाय?" श्रीधरनी विचारलं.

"समोर हुभं हाय की," निवास म्हणाला.

गवळी म्हशीखाली उकिडवा बसतो, ग्लास हातात घेतो आणि धार सरळ ग्लासात सोडतो. वर तीन बोटं फेस. घोट घोट घ्यायचं नाही, एका दमात रिकामा करायचा. श्रीधरनी पहिला ग्लास दुःखाने घेतला, दुसरा विचारपूर्वक आणि तिसरा स्वतः मागून. पांढऱ्या मिशा लावून ते म्हणाले, "माणसाने उगाच काहीतरी मनात धरून बसू नये."

दूध काढणारे गृहस्थ सत्तरीचे असतील. लाल पटका, गालावर चढलेल्या मिशा, पाय अनवाणी. त्यांना सगळे बसाप्पा किंवा नुसतं आप्पा म्हणत होते. त्यांच्या म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद आणि नजर अशी, की आपणच तिच्याकडे कामाला आलो आहोत.

माझा ग्लास संपला. हात धुवायला नळ पलीकडे होता. मी उठले. कर्र, किर्र, कर्र, किर्र.

मागे बादली आडवी झाल्याचा आवाज आला. वळून बघते तर चंद्री माझ्यामागे येत होती, धार अर्धी टाकून. मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. मी विजेच्या खांबाला वळसा घातला, तिनेही घातला. कट्ट्यावरून सल्ले सुरू झाले. "वैनी, पळू नगा." "पळा, वैनी." "सायेब, तुमची मंडळी चालली बघा." सायेब चौथा ग्लास पीत होते. शेवटी मी थांबले. चंद्रीही थांबली आणि तिने आपलं ओलं नाक माझ्या खांद्यावर ठेवून एक मोठा उसासा सोडला. माझा दुपारचा सुस्कारा त्यापुढे काहीच नव्हता.

बसाप्पा धोतरावर दूध सांडलेल्या अवस्थेत धावत आले. माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघत राहिले. एका दिवसात असं करणारे ते दुसरे.

"ही माझी हाय," ते अगदी हळू म्हणाले. मी म्हशीबद्दल समजले. ते चपलेबद्दल बोलत होते.

मग निवासने मान खाली घालून सगळं सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशी रंगवून, सजवून रस्त्यावर आणतात. मालकाने खूण केली की म्हैस त्याच्यामागे पळत गेली पाहिजे, एवढ्या गर्दीतून, दोरी न लावता. त्यातच मालकाचा मान. आताशा मालक मोटारसायकलवर बसतात आणि म्हैस गाडीच्या फटफटीमागे पळते. बसाप्पा मोटारसायकलवर कधी बसले नाहीत. चंद्री रेडकू असल्यापासून त्यांच्या चपलेच्या आवाजामागे चालते. तो जोड झिजून तुटला. गेल्या वर्षी ते दुसरी चप्पल घालून निघाले आणि चंद्री भर रस्त्यात, बँडसमोर, खाली बसली. बारा जणांनी उचलली. लोक हसले.

"पोराचं म्हणणं आता," बसाप्पा म्हणाले, "ह्या वर्षी आली तर आली. न्हाय तर फुडच्या पाडव्यापासनं त्यो गाडी घेणार. मी खुर्चीवर बसून बघायचं."

खुर्ची या शब्दावर ते असे थांबले, की मला त्या खुर्चीचा रागच आला.

वर्षभरात शंकरमामांनी तीन जोड केले होते. प्रत्येक वेळी बसाप्पा चंद्रीला दुकानाच्या दारात आणून उभी करत आणि स्वतः घालून चालून दाखवत. पहिल्या जोडाला तिने पाठ फिरवली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला तिने सरळ मान दुकानात घातली. तेल मुरायला म्हणून तो खिळ्यावर टांगला होता, पाडव्याच्या सकाळी न्यायचा होता.

तो माझ्या पायात होता.

मी तिथल्या तिथे चपला काढल्या. बसाप्पा साप बघितल्यासारखे मागे सरले. "बेड, तंगी, बेड," ते म्हणाले. नको, बहिणी, नको. सीमेकडचं घराणं, गडबडले की कानडी येतं. "घाला. पावण्याच्या पायातनं चप्पल काढून घेऊ व्हय मी? माझा बा वर बसून बघतोय."

"अहो आप्पा, पण तुमचा मान—"

"मान असाच ऱ्हातोय व्हय, पावण्याला अनवाणी धाडून?"

उसना पाय

नरक चतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान उरकून मी गुपचूप जाऊन तो जोड बसाप्पांच्या उंबऱ्यावर ठेवून आले, अनवाणी परतले. माझा चहा यायच्या आत निवास तो जोड घेऊन लॉजवर हजर. वरून नवं तेल लावलेलं. मी पुन्हा ठेवला. पुन्हा आला, या वेळी सोबत लोण्याचा गोळा. तिसऱ्यांदा ठेवला तर चंद्री येईल या भीतीने मी थांबले.

दुपारी आम्हाला बसाप्पांकडे जेवायला बोलावणं होतं. कडक भाकरी, भरलं वांगं, आणि हुग्गी. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, तिच्यात तूप इतकं, की चमचा उभा करून सोडला तर तो विचार करून पडतो. वाढायला बसाप्पांचा मुलगा मल्लू होता. तिशीचा, दंड भरलेला, मोटारसायकलीचं गॅरेज चालवणारा. मी त्याच्यावर रागावायचं ठरवूनच गेले होते. पण तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मला काय हौस हाय व्हय आप्पास्नी बसवायची? गेल्या साली आप्पा आठ दिवस कट्ट्यावर आलं न्हाईत. लोक हसल्यालं मला बघवत न्हाय." मग माझा राग गेला. त्याने हुग्गीही पुन्हा वाढली.

शंकरमामाही आले होते. त्यांनी दुसरा जोड करून बघितला होता. आवाज कोरा होता. महिनाभर तरी मुरायला हवं, आणि मुरल्यावरही चंद्रीला पटेलच असं नाही.

"मग मी चालते पुढे," मी म्हटलं.

आम्ही गल्लीत तालीम केली. मी पुढे, चंद्री मागे. काय चालली म्हणून सांगू. मी वळले की वळे, थांबले की थांबे. दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या आणि मी नको तितका पदर सावरत होते. मल्लू कडेला उभा होता. तो हळूच म्हणाला, "आप्पा, म्हस येतीया. पर बाईंच्या मागं येतीया. लोक म्हणतील, बसाप्पाची म्हस नागपूरला दिली."

बसाप्पा दाराच्या पायरीवर बसले आणि पटका काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. माझं नाटक तिथेच संपलं.

बोलले ते शंकरमामा, ज्यांनी हा घोळ केला होता. "जोड परत घ्यायचा न्हाय म्हणता, बरुबर हाय," ते म्हणाले. "दोन्ही घेतलं तर पावणं अनवाणी. पर एक पाय उसना घ्यायला काय हरकत?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"वाटीभर साखर आपण शेजारनं आणतोय का न्हाय? परत करतोय. उसनं आणल्यालं म्हंजे काय पावण्याचं काढून घेतलं व्हय?"

बसाप्पांनी वर, आपल्या बापाकडे असावं, एकदा बघितलं. मग पटका डोक्यावर ठेवला. "तंगी, उजवा पाय उसना दे."

म्हणजे उजव्या पायातली 'कर्र' त्यांच्याकडे आणि डाव्या पायातली 'किर्र' माझ्याकडे. प्रत्येकाचा एकेक पाय अनवाणी. खांद्याला खांदा लावून दोघांनी मिळून एका माणसासारखं चालायचं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या खेपेला 'कर्र कर्र किर्र' झालं आणि चंद्रीने आमच्याकडे अशी नजर टाकली, जशी सुगरण सासू कच्च्या पुरीकडे टाकते. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या पायावर पाय दिला. नऊ नंबरचा.

मग श्रीधर उठले. कॉलेजात असताना ते बँडमध्ये ढोल वाजवत, हे मी विसरूनच गेले होते. त्यांनी दुधाची रिकामी किटली उलटी केली आणि दोन बोटांनी ठेका धरला. धा, धिन, धा, धिन. "आप्पा धा वर, तुम्ही धिन वर," ते मला म्हणाले, अगदी मास्तरांच्या थाटात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यांच्या ठेक्यावर मी पहिल्यांदाच चालत होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजा सोडून आम्ही दिवसभर हेच केलं. नणंदेला हे कळवलेलं नाही.

पाडवा

दुपारी गल्लीत शिरलो आणि मी चंद्रीला ओळखलंच नाही. अंगावरचे केस कातरून वेलबुट्टी काढलेली, शिंगं तेलाने आरशासारखी, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. निवास दोन दिवस तिला रंगवत होता. डाव्या कुशीवर मोर. उजव्या कुशीवर त्याने फडकं टाकून ठेवलं होतं. मी आल्यावर ते काढलं. खाली दोन हिरव्या पानांसकट हे एवढं मोठं संत्रं.

"मशीनला जमंल व्हय हे?" निवास म्हणाला. "म्हशीच्या पोटाला वर-खाली हुतंय ना श्वासानं, त्या हिशेबानं गोल काढलाय."

रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेला. मोटारसायकली एकामागून एक येत होत्या, सायलेन्सर काढलेल्या, आणि त्यांच्यामागे रंगवलेल्या म्हशी पळत होत्या, शेपट्या वर करून. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात, पण ते सभ्यपणे चालतात. इथे म्हशी स्पर्धेला उतरल्यासारख्या. मी टाळ्या वाजवत होते, आणि मग आमची पाळी आली.

बसाप्पा उजव्या पायात चप्पल घालून उभे. मी डाव्या. श्रीधर किटली घेऊन कडेला. आम्ही पहिलं पाऊल टाकलं आणि मला एकदम कळलं की काहीच ऐकू येत नाही. पुढे गेलेल्या आणि मागे थांबलेल्या मोटारसायकली सुरूच होत्या. त्या फटफटीत आमची 'कर्र' मलाच ऐकू येईना, चंद्रीला कुठून येणार? आम्ही दहा पावलं गेलो. मागे वळून बघितलं. चंद्री जागची हलली नव्हती. ती कान हलवत होती, ऐकायचा प्रयत्न करत होती.

गर्दीतून कोणी हसलं. कोणी म्हणालं, "उचलायला माणसं बोलवा रं." बसाप्पांचा हात पटक्याकडे गेला.

तेवढ्यात मल्लू गर्दीतून बाहेर आला. आधी मला वाटलं, तो गाडी आणणार. तो पहिल्या मोटारसायकलवाल्याजवळ गेला आणि त्याने स्वतः हात घालून किल्ली फिरवली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याने विचारलं, "काय झालं गा?" मल्लू म्हणाला, "बंद कर. आप्पा चालायलेत." सगळ्या गाड्या त्याच्याच गॅरेजातल्या, कोण नाही म्हणणार. एकेक आवाज विझत गेला. शेवटची गाडी बंद झाली तेव्हा रस्त्यावर इतकी शांतता पसरली, की कोणाच्या तरी कडेवरच्या मुलाची उचकी ऐकू आली.

किटली वाजली. धा, धिन.

कर्र. किर्र. कर्र. किर्र.

मी मागे बघितलं नाही. बघायचं नाही, असं बसाप्पांनी बजावलं होतं. मी लोकांच्या तोंडांकडे बघत होते आणि त्यांच्यावरून मला कळत होतं. आधी भुवया वर गेल्या, मग ओठ उघडले. मग मानेवर ऊन श्वास आला. गेल्या वर्षी ती जिथे बसली होती त्या चौकात चंद्री थांबली. आम्हीही थांबलो. तिने आमच्या दोघांच्या मधून डोकं पुढे काढलं, एकदा त्यांच्या उजव्या पायाचा वास घेतला, एकदा माझ्या डाव्या पायाचा, हिशोब जुळला असावा, आणि आम्हाला ढकलत पुढे निघाली. नदीच्या घाटापर्यंत. आता तीच आम्हाला नेत होती. एका बाजूला मोर, एका बाजूला संत्रं, आणि पुढे दोन म्हातारी माणसं एकेका चपलेवर. मागे बंद मोटारसायकली ढकलत सगळे तरुण चालत येत होते, त्यांना सुरू करायची परवानगी मल्लूने अजून दिली नव्हती.

घाटावर बसाप्पा पायरीवर बसले आणि रडण्याऐवजी चंद्रीला कानडीत शिव्या देत राहिले. प्रेमाने. मला सगळ्या कळल्या.

निरोप

भाऊबीजेला मी बसाप्पांना ओवाळलं. आमची गाडी दुपारची होती. ते उठले, उजव्या पायातली चप्पल काढून फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर धरली. "उसना पाय."

मला माहीत होतं, घेतली तर पुढच्या पाडव्याला पुन्हा मोटारसायकल आणि खुर्ची. आणि डावी देऊ केली तर ते मागे सरतील. मी म्हटलं, "आप्पा, घाई नाही. पुढच्या पाडव्याला परत करा."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. निवासकडे बघितलं, शंकरमामांकडे बघितलं. यात काही खोट आहे का ते सगळ्यांनी तपासलं. सापडली नाही.

"मग तुला यावं लागंल," ते म्हणाले.

"यावं लागेलच. माझी चप्पल अडकली आहे."

नागपूरला आल्यावर दिवाणखान्यात एक खिळा ठोकला. डावी चप्पल त्याला टांगली आहे. महिन्यातून एकदा तेल लावते. शंकरमामांनी सांगितलंय तसं, तळाला कमी, पट्ट्याला जास्त. मल्लू दर पंधरा दिवसांनी फोन करतो आणि मागून आवाज येतो, "तेल लावतीया का इचार." कधी कधी दुपारी घरात कोणी नसताना मी ती पायात घालून दारापर्यंत चालून बघते. किर्र. मग अनवाणी पाऊल, काहीच नाही. मग पुन्हा किर्र. अर्धीच गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

परवा नणंद आली होती. खिळ्याकडे बघून म्हणाली, "यंदाही दिवाळीत घराला कुलूप की काय?"

मी म्हटलं, "काय करू, एकच चप्पल आहे."